जामीनदाराची पाळी

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
६ जानेवारी २०२५

अमिना,

तू मला फोनवर ब्लॉक केलं आहेस, त्यामुळे पोस्टाचा खर्च माझ्यावर आला आहे. तुझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि उजव्याचं व्हायचं आहे, हे मला काल नोमानकडून कळलं. म्हणजे हे पत्र तोच तुला वाचून दाखवणार. तर नोमान, वाचताना आवाज चढवू नकोस. काल फोनवर चढवलास तेवढा पुरे. ज्याला मी मांडीवर बसवून ए-बी-सी-डी शिकवली, तो मला विचारतो, "निशाखाला, अम्मीला पतसंस्थेची नोटीस आलीय. अम्मी बोलती दो लाख की सही थी. इथं सहा लाख चाळीस हजार लिहिलंय. ये क्या चक्कर है?"

चक्कर काही नाही. दोन हप्ते मागेपुढे झाले, की ही मंडळी व्याज, दंडव्याज, वकिलाची फी असं एकावर एक रचून कागद फुगवतात. मी जाऊन बघते.

नोमान, तुझ्या पिढीला समजणार नाही म्हणून सांगते. आम्ही टेलिफोनच्या ऑपरेटर बायका. ट्रंक बोर्डामागच्या आरामखोलीत एक दोनशे पानी वही असायची. पतसंस्थेचं कर्ज काढायचं तर जामीनदार लागे, आणि त्यासाठी कुणी कुणाच्या पुढेपुढे करू नये म्हणून आम्ही ड्यूटीसारखी जामीनदाराचीही पाळी लावली होती. वहीत बघायचं कुणाची पाळी आहे, तिच्यासमोर फॉर्म ठेवायचा, तिनं सही करायची. कर्ज कशासाठी, हे विचारायचं नाही. हा नियम तुझ्या अम्मीनंच घातला. एकीनं नवऱ्याचं दारूचं देणं फेडायला कर्ज काढलं होतं आणि त्याची खोलीभर चर्चा झाली, त्या दिवशी अम्मीनं वही उघडून पहिल्या पानावर लिहिलं, 'कारण विचारू नये.' एकतीस वर्षांत एकही जामीनदार बाई अडचणीत आली नाही.

अमिना, दोन वर्षांपूर्वी तुझ्या रुक्सारच्या मंगनीत तू मला चारचौघांत हप्त्यांबद्दल विचारलंस. स्वतःचाच नियम मोडलास. त्याबद्दल मी अजून काही बोललेले नाही आणि आत्ताही बोलत नाही. एवढंच कर, की पतसंस्थेच्या ऑफिसात जाऊ नकोस आणि कुठल्याही कागदावर सही करू नकोस.

निशा

२० जानेवारी

अमिना,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. त्यावर एकच शब्द आहे. 'किती?' पन्नास वर्षांच्या ओळखीत एवढं तुटक तू कधी लिहिलं नव्हतंस. दहावीला मराठीत वर्गात पहिली तू आलीस, मी नाही. त्या मराठीतून हा एकच शब्द निघाला.

मी रागात आहे, पण तुझ्यावर नाही. गुरुवारी सकाळी सव्वासातला वसुलीची दोन माणसं आली. एकाच्या गळ्यात ओळखपत्राची दोरी होती, ओळखपत्र नव्हतं. मी दार उघडलं नाही म्हणून ते खालच्या वच्छलाबाईंच्या ओट्यावर जाऊन बसले आणि त्यांना विचारू लागले, "म्हातारी आत आहे का पळाली?" वच्छलाबाई म्हणाल्या, "म्हातारी कोणाला म्हणतो रे? आत आहे ती, नीट ऐकते पण." मग मात्र मी खाली गेले. तो मला म्हणाला, "मॅडम, यू हॅव टू पेड." मी त्याचं इंग्रजी तिथेच दुरुस्त केलं. त्याला राग आला. जाताना त्यानं गेटवर माझं नाव आणि फ्लॅटचा नंबर खडूनं लिहिला. मी फडकं घेऊन पुसायला गेले, तर वच्छलाबाईंनी आधीच पुसून टाकलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांचेही चाळीस हजार माझ्याकडे आहेत, कदाचित म्हणून असेल.

ही माणसं पतसंस्थेची नव्हती. कार्डवाल्यांची होती. माझ्याकडे काही क्रेडिट कार्डं आहेत.

पतसंस्थेत मी जाऊन आले. दोन हप्ते नाहीत, सात राहिले आहेत. त्यांनी सहकार खात्याकडे वसुलीचा दाखला मागितला आहे. त्याची सुनावणी १२ मार्चला उपनिबंधकांच्या कार्यालयात आहे. तुलाही कागद येईल. तो दाखला मिळाला तर मामलेदार जशी शेतसाऱ्याची वसुली करतो तशी ते करू शकतात, आणि कर्जदाराकडे काही सापडलं नाही तर जामीनदाराकडे येऊ शकतात. नोमानचं पंप दुरुस्तीचं दुकान ज्या जागेवर आहे ती जागा तुझ्या नावावर आहे, हे मला माहीत आहे. म्हणूनच सांगते, घाबरू नकोस. अजून सात आठवडे आहेत.

'किती?' या प्रश्नाचं उत्तर मी बेरीज करून देते.

निशा

४ फेब्रुवारी

अमिना,

बेरीज अजून झालेली नाही. मधे एक मूर्खपणा केला, तो आधी सांगते, म्हणजे तुला हसायला मिळेल.

कर्ज 'सेटल' करून देणारी एक कंपनी आहे. मोबाइलवर जाहिरात आली. फोनवर एक मुलगी बोलली. अमिना, काय इंग्रजी होतं तिचं. आपल्या छावणीतल्या शाळेत सिस्टर ज्या उच्चारांसाठी बोटांवर पट्टी मारायच्या, ते सगळे उच्चार जागच्या जागी. ती म्हणाली, तुम्ही हप्ते भरणं बंद करा, आम्हाला अठरा हजार फी द्या, सहा महिन्यांत सगळी देणी निम्म्यात मिटवून देतो. मी दिले. आठ दिवसांनी तो नंबर बंद.

मग मला आठवलं, की शिकवणीची फ्रँचायझी विकायला पुण्याहून जो माणूस आला होता, तोही असाच बोलायचा. तुला ठाऊक आहे, जानेवारी २०२० मध्ये आपण एकाच दिवशी निवृत्त झालो. तू तुझे पैसे लासूर स्टेशन गावातल्या दुकानाच्या जागेत घातलेस. मी 'स्पोकन इंग्लिश'चे वर्ग काढले. फेब्रुवारीत उद्घाटन झालं, मार्चमध्ये लॉकडाऊन. पण त्या माणसाचं इंग्रजी ऐकून मी करार वाचलाच नव्हता. माणूस नीट इंग्रजी बोलतो म्हणजे तो सज्जन असणार, असं मला सिस्टरांनी कधी शिकवलं नव्हतं. ते माझं मीच शिकले.

घरमालक भाडं वाढवतो म्हणाला, त्या दिवशी मी शेवटी अदालत रोडला गेले. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. तिथे बाईला वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. मी पेन्शनर आहे, भिकारी नाही, असं मी खिडकीवर सांगितलं. खिडकीतला माणूस म्हणाला, "बाई आहात ना? मग बसा."

वकील मिळाली ती सोयगावची तनुजा नावाची मुलगी. तीस वर्षांची असेल. मी तिला सगळं इंग्रजीत सांगायला सुरुवात केली. तिनं पाच मिनिटं ऐकलं.

"मॅडम, लई चांगलं बोलता तुम्ही. आता कागद दाखवा."

"कागद घरी आहेत."

"मग बोलून काय उपेग? उद्या पिशवी भरून आणा. जे फाडायची इच्छा झाली असंल, ते पयले आणा."

दुसऱ्या दिवशी मी पिशवी नेली. तिनं टेबलावर ओतली आणि तारखेप्रमाणे लावत बसली. लावता लावता मला समजावून सांगितलं. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर यायचं नाही, फोनही करायचा नाही. तक्रार तिनं तिथेच लिहून काढली. माझी पेन्शन कुणालाही जप्त करता येत नाही, कोर्टालाही नाही. आणि जिची देणी फिटणं शक्यच नाही, तिच्यासाठी नादारीचा कायदा आहे. शंभर वर्षं जुना आहे. आपण स्वतः कोर्टात जाऊन सांगायचं की मी नादार आहे. जे देणं आहे ते सगळं आणि जे जवळ आहे ते सगळं लिहून द्यायचं. जे विकण्यासारखं असेल ते कोर्ट विकतं, ज्यांचे पैसे आहेत त्यांच्यात वाटतं, आणि पुढे आपली वागणूक सरळ असली तर उरलेल्या देण्यातून सोडवतं.

"लगेच नाय व्हत. वर्षं जातात," ती म्हणाली. "पण एक लक्षात ठेवा. यादीत एक जरी गोष्ट लपवली ना, तर सगळं मुसळ केरात. कोर्ट मग सोडवत नाय."

यादी करून आणा म्हणाली. मी करते आहे.

निशा

१८ फेब्रुवारी

अमिना,

हे पत्र नोमानला देऊ नकोस. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं हळूहळू वाच, पण तूच वाच.

पतसंस्था सहा लाख चाळीस हजार. वर्गासाठी काढलेलं बँकेचं कर्ज पाच लाख दहा हजार. तीन क्रेडिट कार्डं मिळून चार लाख पंचाहत्तर हजार. मोबाइलवरून घेतलेली छोटी कर्जं एक लाख तीस हजार. वच्छलाबाई चाळीस हजार. सतरा लाख पंच्याण्णव हजार.

हे तुझ्या 'किती?'चं उत्तर.

गेल्या पत्रात घरमालक हा शब्द लिहिला गेला. तुझ्या लक्षात आलंच असेल. फ्लॅट मी २०२३ मध्ये विकला. ज्यानं घेतला त्याच्याकडेच भाड्यानं राहते. आमच्या यांच्या नावाची पाटी त्यानं राहू दिली आहे, म्हणून गल्लीला माहीत नाही. ते पैसे वर्गाच्या जागेचं थकलेलं भाडं आणि शिक्षिकांचे पगार यांत गेले. एका कार्डाचं देणं दुसऱ्या कार्डानं फेडत होते. प्रत्येक महिन्याला वाटायचं, जूनमध्ये मुलं येतील. जून आला की वाटायचं, दिवाळीनंतर येतील. वर्ग मी गेल्या मे महिन्यात बंद केला. तू ओळखतेस अशा प्रत्येकीला मी सांगितलं, की सध्या ऑनलाइन घेते.

सात हप्ते नाहीत राहिले. चौदा राहिले आहेत.

आता फेब्रुवारी २०२२. फॉर्म घेऊन मी लासूरला आले होते. वही तेव्हा आपल्या बोर्डावरच्या पारूबाईकडे होती. निवृत्तीनंतर आरामखोलीचं सामान बाहेर काढलं तेव्हा ती तिनं उचलून घरी नेली होती. मी आधी तिच्याकडेच गेले. वहीप्रमाणे पाळी पारूबाईची होती, तुझी नाही. पण पारूबाई तुझा नियम कधीच पाळायची नाही. "कशाला गं लागतात एवढे? त्या पोरांच्या इंग्रजीला?" असं तिनं विचारलंच. मी चहा न पिता उठले आणि दुपारची गाडी धरून तुझ्याकडे आले. तुला म्हणाले, तुझी पाळी आहे. तू वही बघितली नाहीस.

तू विचारलं नाहीस. फक्त म्हणालीस, "रक्कम?" मी म्हणाले, दोन लाख. तू म्हणालीस, "लिहून टाक मग." मी म्हणाले, ऑफिसात लिहीन, त्यांचं पेन लागतं. तू हसलीस आणि सही केलीस. रकमेचा रकाना कोरा होता.

दुसऱ्या दिवशी पतसंस्थेच्या काउंटरवर, त्यांच्या क्लार्कसमोर, मी त्या रकान्यात सात लाख लिहिलं. तो म्हणाला, "जामीनदार बाईंना माहीत आहे ना?" मी उत्तर दिलं नाही. त्यानं परत विचारलं नाही. शिक्का मारला.

आणि मंगनीचा दिवस. तू चारचौघांत विचारलं नव्हतंस. स्वयंपाकघरात आपण दोघीच होतो. तू बिर्याणीचं झाकण धरून उभी होतीस आणि हळू आवाजात म्हणालीस, "निशी, हप्ते जातायत ना गं?" आवाज मी चढवला. चारचौघी त्यानंतर दारात आल्या. त्यांना कळू नये म्हणून मी इंग्रजीत बोलले. 'तुम्ही लोक' अशी सुरुवात करून जे बोलले ते तुला पूर्ण समजलं, कारण माझ्याइतकंच इंग्रजी तुलाही सिस्टरांनीच शिकवलं होतं. रुक्सारच्या सासूला शब्द कळले नाहीत, पण तुझा चेहरा कळला.

ते वाक्य मी इथे परत लिहिणार नाही. ते माझं होतं, आणि ते नीच होतं. त्या दिवशी दहा हप्ते भरून झाले होते आणि अकराव्याला माझ्याकडे पैसे नव्हते. तुझ्या प्रश्नावर मला एवढा राग का आला, त्याचं कारण हे एवढंच.

निशा

१ मार्च

अमिना,

तुझं उत्तर नाही. मी अपेक्षाही केली नव्हती, तरी पोस्टमन दोनदा चुकला असेल असं मी वच्छलाबाईंना सांगितलं.

आज जे लिहिते आहे ते तुझ्या उपयोगाचं आहे, म्हणून वाच. हे नोमानलाही दाखव.

तनुजानं नादारीचा अर्ज तयार केला. सोमवारी दाखल करायचा होता. खाली प्रतिज्ञापत्र असतं, वरील सर्व मजकूर खरा आहे म्हणून. सही करण्याआधी तिनं शेवटचं विचारलं, "मॅडम, कोणत्याबी कर्जाला जामीनदार नाय ना? आपण 'नाही' लिहिलंय." पहिल्या दिवशी तिनं विचारलं होतं तेव्हा मीच 'नाही' म्हणाले होते. तुझं नाव घ्यायला लाज वाटली, असं मी स्वतःला सांगत होते. खरं सांगायचं तर मला भीती होती, की जामीनदार आहे म्हटल्यावर ती आधी तुला विचारेल आणि मग माझ्याकडे बघेल.

पेन हातात होतं. मी सही केली नाही. तिला सगळं सांगितलं, कोऱ्या रकान्यासकट.

तिनं पेन माझ्या हातातून काढून घेतलं.

"तुम्ही मला कोर्टापुढं खोटं बोलायला लावत होतात. समजतंय का तुम्हाला?"

"समजतं."

"नाय समजत. माझी सनद जाईल. सोयगावला माझा बाप अजून बस ष्टँडवर पेपर विकतो. तुम्हाला एक जामीनदार सांगता येईना?"

पासष्ट वर्षांत मला असं कुणी बोललं नव्हतं.  मग ती फाइल घेऊन परत बसली आणि मला नीट सांगू लागली.

नादारीनं कोर्ट मला सोडवेल, तुला नाही. कर्जदार सुटला तरी जामीनदार सुटत नाही, असं कायद्यातच लिहिलेलं आहे. मी सुटले की पतसंस्थेला तू एकटीच उरशील, पूर्ण रकमेसाठी. म्हणजे मी गप्प राहून, 'जामीनदार: अमिनाबी' एवढंच खरं लिहून सोमवारी अर्ज दिला तर तो कायदेशीर आहे. माझे हात स्वच्छ दिसतील. नोमानचं दुकान जाईल.

दुसरा रस्ता असा. १२ तारखेला मी उपनिबंधकांसमोर लेखी द्यायचं, की जामीनदाराला दोन लाख सांगितले, रकाना कोरा ठेवून सही घेतली, सात लाख नंतर भरले, आणि पतसंस्थेच्या माणसासमोर भरले. तो शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. नुसती मी फसवलं म्हणून तुझा जामीन सुटत नाही. कर्ज देणाऱ्याला ते ठाऊक होतं, हे दिसावं लागतं. "खात्री देत नाय मी," तनुजा म्हणाली. "पण त्यांना भांडायला जागा मिळंल."

आणि मला काय होईल, तेही तिनं सांगितलं. फसवणुकीनं घेतलेल्या कर्जातून नादारीचं कोर्ट सोडवत नाही. पतसंस्थेचं देणं मरेपर्यंत माझ्या डोक्यावर राहील. बाकीच्यांचा अर्जही अवघड होईल, कारण बँकेचा वकील हाच कागद नाचवेल. पोलीस तक्रारसुद्धा होऊ शकते. तुझ्याकडूनही होऊ शकते, आणि तो तुझा हक्क आहे.

तू त्या दिवशी स्वतः हजर राहा. आधार कार्ड आण. तनुजा तुझी वकील होऊ शकत नाही, कारण तुझं हित आणि माझं हित आता एक नाही. पण त्याच ऑफिसात तुलाही वकील फुकट मिळेल. दुसऱ्या मजल्यावर जा, खिडकीवर फक्त सांग की बाई आहे.

दोन्ही कागद, अर्ज आणि कबुली, माझ्या टेबलावर आहेत. मी काय करणार ते इथे लिहीत नाही. लिहिलं आणि त्या दिवशी हातून झालं नाही, तर तुला दुसऱ्यांदा फसवलं असं होईल.

निशा

१३ मार्च

अमिना,

काल आपण एकाच खोलीत दीड तास होतो आणि एकमेकींशी एक शब्द बोललो नाही. म्हणून जे तुला तिथे दिसलं नसेल ते लिहिते.

तू नोमानचा हात धरून आलीस आणि समोरच्या बाकावर बसलीस, काळा चष्मा लावून. किती वाळली आहेस. शिपायानं सगळ्यांना चहा आणला. तो तुझ्यापुढे ट्रे धरून उभा राहिला आणि तू मान हलवलीस, तरी तो हलेना. "घ्या ना खाला, बिनसाखरेचा आहे." तेव्हा मी इकडून म्हणाले, "त्यांचा रोजा आहे." तू माझ्याकडे बघितलं नाहीस. माझा चहा मी तसाच ठेवला. त्यात पुण्याई काही नव्हती.

नाव पुकारलं तेव्हा माझ्या पर्समध्ये दोन्ही कागद होते. खरं सांगते, मी उभी राहिले तोवर मला माहीत नव्हतं, कुठला काढणार. पतसंस्थेचा वकील आधी बोलला. कोट झकास, इंग्रजी उत्तम. म्हणाला, जामीनदार सुशिक्षित आहेत, शासकीय सेवेत होत्या, त्यांनी समजून उमजून सात लाखांची सही केलेली आहे. समजून उमजून. तुझ्याबद्दल एवढं धादांत खोटं कुणीतरी एवढ्या शुद्ध भाषेत बोलत होतं, आणि ते खोटं त्याला मीच पुरवलं होतं.

मी कबुलीचा कागद दिला.

वाचून दाखवा, असं साहेब म्हणाले. मी वाचला. मराठीत लिहिला होता, तनुजानं दोन ठिकाणी माझं मराठी दुरुस्त केलं होतं. क्लार्कचा उल्लेख आला तसा तो कोटवाला पाणी प्यायला लागला. 'काउंटरवर' या शब्दापाशी माझा आवाज गेला. तो रडण्यानं गेला नव्हता, एवढी नोंद कर. मला खोकला आहे.

मग साहेबांनी तुला विचारलं. "तुम्हाला रक्कम किती सांगितली होती?"

तू म्हणालीस, "दोन लाख, साहब."

"लेखी काही?"

"नाही. आमच्यात विचारायची रीत नव्हती."

"मग आता तुमचं म्हणणं काय? सही नाकारता?"

 नोमान तुझ्या कानाशी लागला, मला ऐकू आलं, "अम्मी, हौ बोलो. सही मेरी नहीं, बोलो." तनुजानं माझ्या दंडावर हात ठेवला. तू नाकारली असतीस, तर तिथल्या तिथे मोकळी झाली असतीस. मी स्वतः ते दार तुला उघडून दिलं होतं.

तू म्हणालीस, "सही माझी आहे. दोन लाखाची केली, दोन लाखाला मी बांधलेली आहे. पाच लाख माझे नाहीत."

अमिना, मी तुझ्यावर पुष्कळदा रागावले आहे. काल जेवढी रागावले तेवढी कधी नाही. तुला तिथे कुणी मोठेपणा मागितला होता? नोमाननं कपाळावर हात मारला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्या बाजूची होते.

पुढचं तू बाहेर बसल्यावर झालं. क्लार्कचं नाव कागदावर आल्यामुळे पतसंस्थेची भाषा मऊ झाली. तुझा जामीन दोन लाखांपुरताच, हे त्यांनी मान्य केलं. माझ्याकडून सहा लाख चाळीस हजार, पुढचं व्याज नाही, महिना आठ हजार. मी भरते आहे तोवर तुला हात लावायचा नाही. एक हप्ता चुकला की तुझे दोन लाख उभे. साहेबांनी हे सगळं लिहून घेतलं. तनुजा म्हणाली, "पेन्शन तुमच्या पोटाची आहे मॅडम, ती कुणी मागू शकत नाय." मी म्हणाले, मागत कुणी नाहीये, मी देते आहे. बाकीच्या देण्यांसाठी नादारीचा अर्ज सोमवारी जाईल, या कागदाच्या प्रतीसकट. काय व्हायचं ते होईल.

जिन्यात तू थांबलीस. मला वाटलं, माझ्यासाठी थांबलीस. तू मागे वळलीस, माझ्या बाजूनं गेलीस, आणि शिपायाला म्हणालीस, "बाबा, त्या बाईनं जो कागद दिला त्याची शिक्क्याची नक्कल मला कुठं मिळंल?"

बरोबर केलंस. फी वीस-तीस रुपये असेल, पावती मागून घे.

निशा

३ एप्रिल

अमिना,

ईद झाली. मी आले नाही. तू बोलावलंही नव्हतंस, त्यामुळे आपण दोघी सभ्यपणे वागलो.

पहिला हप्ता काल भरला. पावतीची झेरॉक्स सोबत आहे, नोमानला फाइल करून ठेवायला सांग. दर महिन्याला पाठवीन. पत्र पाठवणार नाही, पावती पाठवीन. तुला माझ्याशी बोलावं लागू नये आणि तरी शंका राहू नये, एवढंच मला आता करता येतं.

मी तनुजाला विचारलं, मधेच मी मेले तर काय. ती म्हणाली, "मग त्यांचे दोन लाख उभे राहतात. जामीन तुमच्यासंगं मरत नाय." मी घरी येऊन कॅलेंडर मांडलं. आठ हजारांचे ऐंशी हप्ते होतात. शेवटचा नोव्हेंबर २०३१ मध्ये. तेव्हा मी एकाहत्तर वर्षांची असेन.

म्हणून ब्लडप्रेशरची गोळी आता रोज घेते. तीन वर्षं मी ती एक दिवसाआड घेत होते, पैसे वाचावेत म्हणून. जालना रोड सिग्नलवरूनच ओलांडते. वच्छलाबाईंनी विचारलं, "अचानक एवढं जिवाला जपायला लागलात?" मी सांगितलं, की मला मरायला सध्या परवानगी नाही.

एकोणऐंशी राहिले.

निशा